आंदणात गेलेले स्पीकर

माझे यजमान जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. त्यांच्याविषयी लिहायला बसले की ते स्वतः मागे राहतात आणि त्यांचे दोन स्पीकर पुढे येतात. त्यांना हे चाललं असतं.

एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास नगरच्या एका थिएटरने पडद्यामागचे जुने स्पीकर काढून टाकले. ह्यांनी ते सावेडीतल्या आमच्या दोन खोल्यांत आणले. छातीइतकी उंच, पॉलिश केलेली लाकडी खोकी. पुढे जाड कापड, आत लाकडाचाच दुमडून बसवलेला कर्णा. छोटा वाल्वचा अॅम्प्लिफायर जोडला की अगदी हळू आवाजातही गाणारी बाई श्वास कुठे घेते ते कळायचं. शाळेत शिकवून आले की हे डोळे मिटून ऐकायचे. मी पलंगावर बसून ऐकायची, कारण खुर्चीला जागा उरली नव्हती.

पारनेरकडे, गावी, थोरल्या दिरांच्या मुलीचं लग्न निघालं. "घरात कर्णा असताना भाड्याचा आणू का रे?" असं त्यांनी विचारल्यावर स्पीकर टेम्पोतून गेले. लग्नाच्या सकाळीच गावची लाइट गेली. स्पीकर मांडवात मुके उभे राहिले. कोणीतरी त्यांच्यावर रुखवताची ताटं मांडली, शेजारी आंदणाची भांडी रचली.

वऱ्हाड निघताना नवरदेवाच्या वडिलांनी भांड्यांबरोबर स्पीकरही ट्रकवर चढवायला लावले. दिरांनी त्यांना पुढच्या वर्षी एक कपाट कबूल केलं होतं.

"एक म्हनला हुता, दोन दिली! लई मोठं मन हाय तुमचं, इवाई!"

दिरांचा चेहरा पडला. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. खरं सांगावं तर भर मांडवात भावाची शोभा, न सांगावं तर स्पीकर गेले. ह्यांनी चष्मा पुसला.

"उभीच न्या," ते म्हणाले. "आडवी करू नका."

पंधरवड्याने एका पाहुण्याबरोबर निरोप आला: कपाटं उघडत नाहीत, किल्ली द्यायची राहिली वाटतं.

"आता तरी सांगाल ना?" मी विचारलं.

"बघू," म्हणत ह्यांनी अॅम्प्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअर पिशव्यांत भरले. आम्ही दोघं एसटीने पुतणीच्या सासरी गेलो. ह्यांनी वायरी जोडल्या, रेकॉर्ड लावली. इवाई, म्हणजे नवरदेवाचे वडील, उकिडवे बसून शेवटपर्यंत ऐकत राहिले. ह्यांनी रेकॉर्ड उचलून पाकिटात घातली.

"लई ग्वाड," इवाई म्हणाले. मग थांबून म्हणाले, "पन मास्तर, म्हंजी कपाट अजून यायचंच हाय की!"

"आठ दिवसांत पाठवतो," हे इतक्या घाईने म्हणाले की मी चमकून पाहिलं. "आणि हे आम्ही परत नेतो."

"न्या की. गानं काय, रेडिओवर बी हाय."

अशा रीतीने स्पीकर टेम्पोतून घरी आले आणि त्याच टेम्पोतून आमचं एकुलतं एक कपाट पुतणीच्या सासरी गेलं. माझ्या साड्या पुढे बरीच वर्षं स्पीकरवर रचलेल्या असत. गाणं लावायचं झालं की हे त्या आपल्या हाताने उचलून पलंगावर, माझ्या शेजारी ठेवत. घडी मात्र हमखास मोडायचे.