आतोबांची आठवारी

माणसं कपडे घालतात ती अंग झाकावं म्हणून, गारठा लागू नये म्हणून, चारचौघांत बरं दिसावं म्हणून. आपलं अंग कपड्याला लागू नये म्हणून जिवाचा आटापिटा करणारा माणूस आपल्या अख्ख्या पालघर जिल्ह्यात एकच असेल, आणि ते माझे आतोबा आहेत. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. बोईसरला एका कारखान्याच्या फाटकावर ते रखवालीचं काम करतात. त्याआधी बरीच वर्षं ते लष्कराच्या बँडमध्ये बॅगपाईप वाजवायचे. काखेत फुगलेली पिशवी, खांद्यावर नळ्या, तोंडात एक नळी आणि फुगलेले गाल, असा त्यांचा एक फोटो आत्याच्या घरात दारासमोरच लावलेला आहे. त्या फोटोत त्यांनी जे नेसलं आहे, त्याच्याविषयी मला लिहायचं आहे. म्हणजे खरं तर त्याच्या आत काय घालायचं, याविषयी.

ते जे आहे त्याला किल्ट म्हणतात. हिरव्या-निळ्या चौकड्यांची जाड लोकर, पुढून सपाट, मागून चुण्याच चुण्या, गुडघ्यापर्यंत घेर आणि कमरेला चामड्याचे पट्टे. कापड लागतं आठ वार. हे कळल्यापासून आत्या त्याला 'तुमची आठवारी' म्हणते. ही आठवारी आतोबांना त्यांच्या उस्तादांनी दिली. उस्तादांना ती त्यांच्या उस्तादांनी दिली होती, त्यामुळे ती मूळची कुणाची आणि कुठली, हे आता कुणालाच सांगता येत नाही. देताना उस्तादांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. लोकर कधी धुवायची नाही आणि ती नेसून कधी बसायचं नाही. बसलं की मागच्या चुण्या मोडतात, आणि वाजवणारा बसला की सूरही बसतो. आतोबांनी देवाधर्माच्या पुष्कळ गोष्टी आयुष्यात इकडच्या तिकडे केल्या असतील, पण या दोन गोष्टी त्यांनी कधी मोडल्या नाहीत. एरवी त्यांचं बसण्याशी काही वैर नव्हतं. फाटकाजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत ते तासन्‌तास बसतात, आणि दुपारी बसल्या बसल्या त्यांना झोपही चांगली लागते.

धुवायची नाही म्हटल्यावर घामाची भीती आली. घामट लोकरीला कसर लवकर लागते, हे आतोबांनी कुठेतरी ऐकलं आणि ते त्यांच्या मनात बसलं. आमच्या किनाऱ्याची हवा म्हणजे मीठही डब्यात ओलं होतं, तिथे लोकर कशी टिकायची! म्हणून ती डांबरगोळ्या आणि कडुलिंबाच्या पाल्यात पेटीत असते. महिन्यातून एकदा ती वाळवायला बाहेर निघते, पण उन्हात नाही. उन्हानं रंग उडतो. मग घरातच पंख्याखाली दोरी बांधून ती वाळत पडते, आणि तोवर घरातल्या माणसांना पंख्याचा वारा मिळत नाही. खिडकी उघडायची की नाही हे आतोबा नाकानं ठरवतात. वारा समुद्राकडून असला तर खारा, कंपन्यांकडून असला तर आंबूस. दोन्ही वारे चालत नाहीत, त्यामुळे खिडकी बंदच राहते. "ह्या घरात मला एवढं कुणी जपलं असतं, तर मी अजून पंचविशीतच असते," असं आत्या पदरानं वारा घेत म्हणते.

सरावासाठी आतोबा सुट्टीच्या दिवशी पहाटे सायकलवरून घिवलीच्या किनाऱ्यावर जातात. थंडीत आठवारीही पिशवीतून नेतात आणि तिथे पोचल्यावरच नेसतात, कारण ती नेसून सायकलवरही बसायचं नाही. आधी ते इमारतीच्या गच्चीवर वाजवायचे. तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन हात जोडून गेले होते. घिवलीला सुरूच्या झाडांपलीकडे बोंबील वाळत घालणाऱ्या एक मावशी असतात. आतोबांनी पिशवीत हवा भरली आणि पहिला लांब सूर निघाला, की त्या हातातलं काम न थांबवता ओरडतात, "मामा, आज तुमची बकरी लय रडते! काय खायला घातलं नाय काय तिला?" आतोबा उत्तर देत नाहीत, कारण तोंडात नळी असते. मात्र गत संपली की ते टाचा जुळवून त्यांना सलाम करतात. मावशीही बोंबील धरलेला हात कपाळाला लावतात.

थंडीच्या लग्नसराईत त्यांना किनाऱ्यावरच्या गावांतून बोलावणंही येतं. बेंजो पार्टीच्या धडधडाटात मध्येच बॅगपाईपचा एखादा तुकडा लोकांना आवडतो. अशाच एका लग्नाला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. परतताना मासळीच्या रिकाम्या टेम्पोत जागा मिळाली. मी एका पाटीवर बसलो, आतोबा मात्र टपाचा दांडा धरून उभे. टेम्पोवाला मागे वळून म्हणाला, "दादा, बसा ना. पाटी धुतलेली हाय."

"बसलो की चुण्या मोडत्यात."

"मग आडवे व्हा."

"तरी मोडत्यात."

"मग आमी हलू हलू चालवतो," असं म्हणून त्या भल्या माणसानं बोईसरपर्यंत टेम्पो बैलगाडीच्या चालीनं आणला. मागे हॉर्न वाजत होते आणि आतोबा ताठ उभे होते. एखादी मिरवणूक आपल्यासाठीच निघाली आहे, असा त्यांचा चेहरा होता.

या सगळ्याचा त्रास एका माणसाला झाला. ती म्हणजे आतोबांची मुलगी, माझी ताई. ती शाळेत असताना स्नेहसंमेलनाला आतोबा हौसेनं आठवारी नेसून आले आणि व्यासपीठावर त्यांनी वाजवलंही. दुसऱ्या दिवसापासून ताईला वर्गात 'घागरेवाल्याची पोरगी' असं नाव पडलं. ती घरी येऊन म्हणाली, "आण्णा, माझ्या शाळेत ते घालून परत येऊ नका." आतोबा "बरं" म्हणाले. पुढे ती कॉलेजात गेली, नोकरीला लागली, तरी तिच्या कुठल्याही कार्यक्रमाला ते पँटमध्येच गेले आणि बॅगपाईप घरीच राहिला. त्यावर दोघं कधी काही बोलले नाहीत. आमच्या घरात अशा गोष्टींवर बोलायची पद्धत नाही.

मग ताईचं लग्न ठरलं. मुलगा सफाळ्याचा, लग्न भर वैशाखात, बोईसरच्या हॉलमध्ये. याद्या झाल्या, पाहुणे गेले, आणि आतोबा कपबशा गोळा करता करता, कपबशांनाच विचारल्यासारखं म्हणाले, "नवरीला खोलीतनं मांडवापर्यंत आणताना वाजवलं तर... कसं वाटंल?" ताईनं एक राहिलेली कपबशी त्यांच्या हातात दिली. मग म्हणाली, "वाजवा. ते नेसलंत तरी चालेल. पण कन्यादानाला ते नेसून पाटावर बसायचं नाही. तिथे धोतर." आतोबांनी इतक्या जोरात मान हलवली की कपबशा वाजल्या. किल्टमध्ये बसायचं नाही, ही अट त्यांना अट वाटलीच नाही.

अडचण वेगळी होती. आजवर ते आठवारी फक्त थंडीत नेसत आणि आतून लष्करातली एक जुनी सुती हाफपँट घालत. ती हाफपँट विरून विरून चाळणीसारखी झाली होती. आता वैशाखातला घाम, खच्चून भरलेला हॉल आणि आठ वार लोकर! आत काहीतरी पक्कं हवं होतं. ताईला हे विचारणं शक्य नव्हतं आणि घरातल्या मुलग्यांत कॉलेजात गेलेला पहिला मी, म्हणून सल्ल्यासाठी मला बोलावणं आलं. "काय प्रोफेसर, बघ जरा मोबाईलवर. हे मूळचे नेसणारे लोक आत काय घालत्यात?" मी बघितलं. इंग्रजी मला सावकाश वाचावं लागतं, पण हे पटकन कळलं, आणि कळल्यावर मी अवघडून गेलो. शेजारी आत्या डाळ निवडत होती. "ते म्हणतात, की जे खरे... म्हणजे अस्सल लोक... ते आत काही घालत नाहीत." आत्याचा हात डाळीत थांबला. आतोबांनी शांतपणे विचार केला आणि म्हणाले, "त्येंच्याकडं बर्फ पडतो. बोईसरचा घाम आला असता, तर त्येंनाबी अक्कल आली असती."

मग आमचा शोध सुरू झाला. स्टेशनजवळच्या कपड्यांच्या दुकानात आतोबा प्रत्येक चड्डी उजेडात धरून, आत हात घालून, तळव्याच्या मागच्या बाजूनं तपासत. पहिल्यांदा पट्ट्यापट्ट्यांची नाडीची चड्डी आणली. तिची गाठ नेमकी चामड्याच्या पट्ट्याखाली आली आणि पोटावर आवळ्याएवढा वळ उठला. मग सायकलवाल्यांची घट्ट चड्डी झाली. ती घालून ते भर दुपारी गच्चीवर फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, "कुकर हाय हा. शिट्टी तेवढी व्हायची राहिली." बर्मुडा गुडघ्याखाली डोकावला. लंगोट मला बरा वाटला होता, पण त्यांनी तो परत केला. "पुढचं राखतोय, आन् धोका तर मागं हाय. चुण्या मागं हायेत." शेवटी दुकानदार कंटाळला. "अंकल, एक बात बताओ. चड्डी आप को चाहिए या घाघरे को?"

"घागरे को," आतोबा म्हणाले. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी गंजीफ्रॉकच्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

लग्न आठवड्यावर आलं, तरी चड्डी मिळेना. त्या दिवशी आत्यानं हातातलं काम खाली ठेवलं. "जगातल्या बायका परकर आत घालून वर साडी नेसतात. तुम्ही परकर वर घातलाय आन् आत काय घालायचं म्हणून बाजार पालथा घातलाय! तुमच्या वडलांनी काय नेसलं जन्मभर?"

"धोतर."

"चिखलात, उन्हात, कामात?"

"व्हय."

"मग!"

कन्यादानासाठी आणलेलं नवं धोतर आत्यानं त्याच संध्याकाळी भिजत घातलं. पुन्हा पुन्हा धुऊन तिनं त्याची खळ घालवली, तेव्हा ते मऊ पडलं. ते दुमडून, आखूड, घट्ट काचा मारून कसं नेसायचं, हे आतोबांना माहीतच नव्हतं. गाव सोडून ते लष्करात गेले ते पँटीतच वाढले. आत्यानं त्यांना उभं करून शिकवलं. "हलू नका. पोट आत घ्या. पोट आत घ्या म्हटलं, छाती पुढं नको, ही परेड न्हाई." वरून आठवारी बांधल्यावर आतलं धोतर दिसेना, रुतेना आणि घाम झाला तरी लोकरीला लागेना. आतोबांनी गच्चीवर फेऱ्या मारल्या, आत हात घालून लोकर तपासली, आणि खाली येऊन आत्याला घिवलीच्या मावशींना करतात तसा सलाम केला. शिवाय बेत आपोआप जमला होता. वाजवून झालं की मंगलाष्टकं चालू असताना खोलीत जायचं, पट्टे सोडायचे, आठवारी उतरवायची. धोतर आत तयारच!

लग्नाच्या दिवशी ताई खोलीतून निघाली आणि आतोबांनी पहिला सूर लावला. हॉलमधली गडबड विझल्यासारखी झाली. काही पोरं हसली, मोबाईल वर झाले. ताई मुंडावळ्यांतून खाली बघत चालत होती आणि तिच्या पुढे आतोबांच्या चुण्या पावलागणिक डावीउजवीकडे हलत होत्या. तिचं पाऊल त्या तालावर पडत होतं. तिला तसं करायचं होतं की नाही, मला ठाऊक नाही, पण पडत होतं.

अंतरपाट धरला गेला, तसे आम्ही दोघं खोलीत पळालो. आणि पट्टा सुटेना. घामानं चामडं फुगलं होतं आणि बकलाचा काटा छिद्रात रुतून बसला होता. मी ओढत होतो, आतोबा ओढत होते. बाहेर एकेक मंगलाष्टक संपत होतं आणि आम्हाला प्रत्येक 'सावधान' ऐकू येत होतं. "कापू का?" मी विचारलं. आतोबांनी उस्तादांच्या त्या पट्ट्याकडे पाहिलं.  "काप," ते म्हणाले. मी कात्री शोधायला बाहेर धावलो, तोवर वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या आणि गुरुजींचा माइकवरून आवाज आला, "मुलीचे वडील! मुलीचे वडील कुठे आहेत? कन्यादानाची वेळ चालली."

आतोबा आहेत तसे बाहेर आले. मांडवाच्या कडेला येऊन उभे राहिले, हात कमरेच्या पट्ट्यावर. "सुटंना गं," ते ताईला म्हणाले. कुणाला तरी वाईट बातमी सांगावी तसा त्यांचा आवाज होता. "आत धोतर हाय. पण हे सुटंना."

गुरुजींनी वरखाली बघितलं. "धोतर नेसलंय ना? मग शास्त्राची काही हरकत नाही. वर काय आहे ते शास्त्रात आलेलं नाही."

पण आतोबा गुरुजींकडे बघतच नव्हते. ते ताईकडे बघत होते. ताईनं मुंडावळ्या बाजूला केल्या. समोर सासरचे सगळे बसलेले होते. ती म्हणाली, "आण्णा, तसेच बसा." आणि तिनंच पाट पायानं त्यांच्याकडे सरकवला.

आतोबांनी दोन्ही हात मागे नेले, चुण्या एका बाजूनं गोळा करून सारख्या केल्या, आणि ते बसले. मांडी घातली तशी आठ वार लोकर त्यांच्याभोवती पसरली आणि गुडघ्याशी धोतराचं पांढरं टोक दिसू लागलं. त्यांनी ताईचा हात हातात घेतला. गुरुजी पाणी सोडायला सांगत होते. ते ऐकायला त्यांना थोडा वेळ लागला.

संध्याकाळी पाठवणीला त्यांनी पुन्हा वाजवलं. सूर बसला होता की नाही, मला सुरांतलं फारसं कळत नाही. तो हलत होता एवढं नक्की.

आता ताई सफाळ्याला असते. सफाळे काही लांब नाही. आठवारी पंख्याखाली वाळत असते. तिच्या मागच्या चुण्या पाटाच्या आकारात चेपल्या आहेत आणि एका चुणीत हळदीची पिवळट रेघ राहिली आहे. मी इस्त्रीवाल्याकडे नेतो म्हणालो, तर आतोबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे."  खिडकी मात्र हल्ली कधीकधी उघडी असते.

परवा, थंडी पडल्यावर, मी त्यांच्याबरोबर घिवलीला गेलो होतो. आतोबांनी तिथे आठवारी नेसली. वाजवून झालं, मावशींना सलाम झाला. मग आतोबांनी दोन्ही हात मागे नेले, चुण्या सारख्या केल्या आणि ते वाळूत बसले. मावशी बोंबील टाकता टाकता थांबल्या. "मामा, आज बसला तुमी?"

"व्हय," आतोबा समुद्राकडे बघत म्हणाले. "बसतो जरा."