ती घंटा देवाची नव्हती

अरविंदकाका स्टंट करताना गेले नाहीत.

फॉरवर्ड करणाऱ्यांनो, आधी हे वाचा.

आज वर्ष झालं. टेकडीच्या पायथ्याशी फ्लेक्स लागलाय. काकांचा फोटो एवढासा, मंडळाच्या कार्यकर्त्यांचे हे मोठे. सगळे हसतायत. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर हसतं कोण हो?

काका आमच्या सोसायटीतले. रिटायर झाल्यावर लोक हास्यक्लबात जातात, ह्यांनी माउंटन बाइक घेतली.

मागच्या टेकडीवरची सायकलची वाट त्यांनीच घडवली. स्वतः खोरं घेऊन. मोकळे दगड उचलले, पाणी जायला चर काढले. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये आठवडा घालवून पार पिट्टा पडलेल्या माझ्यासारखीला संडेला ओढत वर नेलं.

त्या वाटेवर एक वळण आहे. वरच्याला खालचा दिसत नाही, खालच्याला वरचा. म्हणून काकांनी तिथल्या बाभळीला पितळी घंटा टांगली. बोहरी आळीतून घासाघीस करून आणलेली.

रूल सिंपल होता. उतरायच्या आधी थांबायचं, घंटा वाजवायची. खालून कोणी चढत असेल तर त्याने बाजूला होऊन ओरडायचं, "या!"

"या" आलं तरच ब्रेक सोडायचे. नाहीतर खाली उतरून सायकल हातात धरून चालायचं. "खालचा इअरफोनवाला असू शकतो," काका म्हणायचे.

हा तुमचा स्टंटबाज!

आता आपल्याकडे झाडाला घंटा दिसली की काय होतं? आधी कुंकू लागलं. मग नारळ आले. मग शेंदूर फासलेला दगड.

काका लोकांना थांबवून सांगायचे, "अहो, हा देव नाही, हॉर्न आहे!"

एक बाई म्हणाल्या, "असं बोलू नये. आमच्या चिन्मयचं कॅम्पसमध्ये सिलेक्शन झालंय इथे नवस बोलून."

"अभिनंदन. पण करवंट्या वाटेत टाकू नका, टायर फाटतात."

मग चौथरा झाला, पत्र्याची शेड झाली, मंडळ झालं. घंटा शेडमध्ये गेली. काका मागायला गेले तर ऐकवलं, "देवाची वस्तू परत मागता? वयाचा तरी विचार करा."

त्यानंतर काका वळणावर तोंडानेच ओरडायचे. "आलोऽऽ!"

आणि एका रात्री ह्या महाभागांनी कंपाउंडच्या नावाखाली वाटेवर आडवी तार ताणली. बारीक. बोर्ड नाही, साधं लाल फडकं नाही.

सकाळी काका वळणावर थांबले. ओरडले.

खालून पारूमावशी शेळ्या घेऊन चढत होत्या. पायथ्याच्या जुन्या गावातल्या, काकांच्या रोजच्या ओळखीच्या. त्या नेहमीसारख्या बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "या!"

काकांनी ब्रेक सोडले.

तार दोघांच्या मधे, वळणाच्या आत होती. काका उडून वळणालगतच्या त्या चौथऱ्याच्या कडेला आपटले. जागीच गेले.

मावशींनी धावत येऊन पाहिलेली ती तार पोलीस यायच्या आत गायब. संध्याकाळी ग्रुपवर मेसेज फिरला, "टेकडीवर स्टंट करताना ज्येष्ठाचा मृत्यू."

मंडळाची आरती दुसऱ्या दिवशी वेळेवर झाली.

आणि पारूमावशी? वर्षभर एकच घोकतायत. "म्याच या म्हनले गं. गप बसले असते तर चालत आला असता त्यो."

अरे, तार तुमची आणि झोप ह्या बाईची उडाली? काही लाज?

"मावशी, तुमचं 'या' बरोबरच होतं," मी किती वेळा सांगितलं. पटायचं नाही. त्या वळणाकडे त्या फिरकल्यासुद्धा नाहीत.

आज सकाळी हाताला धरून घेऊन गेले. त्यांना खाली उभं केलं, वर शेडमध्ये शिरले आणि आरती चालू असताना काकांची घंटा वाजवली. जीव खाऊन वाजवली.

"ओ मॅडम, आरती चाललीय!"

"ऐकू येतंय मला. तुम्ही जरा शांत राहा."

खालून काहीच येईना. मला वाटलं, मावशी गेल्या निघून.

मग आला आवाज. रडवेला, पण खणखणीत.

"याऽऽ!"

मंडळाने घंटा बाभळीला परत टांगावी. आज. आणि तो फ्लेक्स उतरवावा.

काका, निघणाऱ्यालाही आपण हेच म्हणतो ना?

वाट मोकळी आहे. या.