चाचीच्या सगळ्या बहिणी

"मूठ ढिली सोड गं, माहेरी आल्यासारखी बस!" असं दटावत चाची समोरचीचा पंजा दाबायची आणि काचेची बांगडी कधी चढली ते त्या बाईला कळायचंही नाही. जुन्नरच्या बाजारात आमच्या दवाखान्यासमोरच तिचं बांगड्यांचं दुकान होतं. तुम्ही राजुरीकडचे असा की महाळुंगे पडवळकडचे, तुमच्या घरातल्या एखादीला तिनं नक्की दटावलं असेल.

मी दवाखान्यात रक्त काढायचे. नव्वदच्या दशकात चाचीची बोटं सकाळी आखडायला लागली. आमवात निघाला. स्वतःचं तिनं मनाला लावून घेतलं नाही. "गोळ्या खाईन, मरत नाय." पण तिच्या आईची बोटंही अशीच आखडून पुढे वाकडी झालेली, आणि इकडे मुलीचं लग्न मंचरला ठरलेलं.

"ताई, पोरीला झालं तर? सासरच्यांना सांगू का झाकून ठेवू?" रोज दुकान उघडायच्या आधी येऊन विचारायची. मी काय सांगणार, कपाळ! मी आपली सुया टोचणारी.

तेवढ्यात पुण्याचे एक डॉक्टर आले. आमवात होण्याचा कल आईबापांच्या रक्तातून येतो. पण परदेशातल्या लोकांच्या रक्तात सापडलेली खूण आपल्याकडच्या निरनिराळ्या समाजांत तशीच सापडते का, हे त्यांना बघायचं होतं. ताडून बघायला धडधाकट, एकमेकींच्या नात्यात नसलेल्या बायकाही हव्या होत्या. चाची म्हणाली, "मी आणते. लई वळख हाय माझी."

आणल्या की ओटा भरून! मी नावं विचारायला लागले, तर ही मामेबहीण, ती चुलतबहीण, तिसरी दोन्हीकडून बहीण.

"अगं चाची, नात्यातल्या नको होत्या!"

"कुठं नात्यातल्या?" चाची फणकारली. "समद्यांची घरं येगळी, आडनावं येगळी. सख्खी एकबी नाय!"

डॉक्टर पोट धरून हसले. मग म्हणाले, "चाची, ह्या माझ्या कामाच्या नाहीत, तुमच्या कामाच्या आहेत. खानदान एकच ना? मग हात बघा बरं सगळ्यांचे."

चाचीनं एकेकीचा पंजा दाबून पाहिला. सगळ्यांची बोटं सरळ.

"कल असला म्हणून दुखणं येतंच असं नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि आलंच, तर लवकर औषध सुरू करायचं. बोटं वाचवता येतात."

चाची रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू? दुसऱ्याच दिवशी मंचरला जाऊन तिनं विहिणीला सगळं सांगून टाकलं. लग्न मोडतंय की काय, म्हणून इकडे माझा जीव टांगणीला. तर विहीण म्हणाली म्हणे, "माझे गुडघे धरलेत, ते मी तरी कुठं सांगितलं तुमाला? फिट्टंफाट!"

पुढे काही वर्षांनी चाची गेली. त्यानंतर वर्षाच्या आतच तिची मुलगी दवाखान्यात आली, बोटं जराशी सुजलेली. बोलत होती ती तिची सासू. "चारच दिस झाले, सकाळची बोटं आखडत्यात हिची. इहिणबाई सांगून गेल्या व्हत्या, तवा म्हटलं झाकत बसायचं नाय. घ्या रक्त."

औषध वेळेवर लागू पडलं. पोरीची बोटं सरळ राहिली, अजूनही आहेत. हे बघायला चाची हवी होती हो.