श्रावस्तीचा कागद

जळकोटात संगणकाचा क्लास चालवणाऱ्या श्रावस्तीच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की आवरायचा नाही. शिकवायला बसली की समोरच्याच्या हातातला माऊससुद्धा हीच हलवणार! वर कबुलीही द्यायची, "म्या हाय तवर समद्यांला येतं, अन् म्या उठले की कुणालाच न्हाय."

वाचनालयातले नऊ जुने संगणक धापा टाकत होते. विंडोज काढून लिनक्स ही फुकटची, हलकी प्रणाली टाकली की तेच पळतील, हे तिला ठाऊक होतं. पण तिला सोलापुरात नोकरी लागलेली, सोमवारी हजर व्हायचं. वाचनालयाचे अध्यक्ष आण्णासाहेब म्हणाले, "पोरी, तू गेल्यावर ही डबडी कोण बघणार? तुझ्याबिगर एकानं जरी लिनक्स टाकून दाखवलं, तर ठेवतो. न्हायतर भंगारात." म्हणून श्रावस्तीनं सारी कृती मराठीत कागदावर लिहून काढली.

आण्णासाहेबांसमोर टाकून दाखवायला बसल्या अयोध्याबाई. वाचनालय झाडणाऱ्या, सातवी पास, पेपर मात्र शेवटच्या पानापर्यंत वाचणाऱ्या. श्रावस्तीनं पेनड्राइव्ह अन् कागद त्यांच्या हाती दिला आणि स्वतःच्या तोंडात मूठभर फुटाणे कोंबले. शिकवणारी बोलली की कागदाची चूक झाकली जाते, म्हणून तिनं स्वतःला लावून घेतलेला हा नेम.

बाई ओळीवर बोट ठेवून वाचत, बटण दाबत पुढं निघाल्या. झकास चाललं होतं. मग पडद्यावर नकाशा आला. 'तुम्ही कुठे आहात?' अन् खाली लिहिलेलं, 'कोलकाता'.

"म्या जळकोटची. कोलकात्याची कशी आसंन?"

कागदात त्याबद्दल अवाक्षर नव्हतं! बाईंनी यादी वरखाली केली. जळकोट न्हाय, तुळजापूर न्हाय, सोलापूरसुद्धा न्हाय. श्रावस्ती कराकरा फुटाणे चावत राहिली.

"फारमावर खोटं लिवायचं न्हाय. पोरीच्या दाखल्यात गावाचं नाव चुकलं, तर दोन वर्सं हेलपाटे घातले म्या," म्हणत बाईंनी खुर्ची मागं सारली.

"झालं तर," आण्णासाहेब उठले. "भंगारवाल्याला सांगावा धाडतो."

"थांबा की वो!" श्रावस्तीच्या तोंडातून फुटाणे उडाले. "चूक बाईंची न्हाय, कागदाची हाय!"

चार वर्षं ती ते पान न वाचताच पुढं ढकलत आली होती. तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं पेन काढून कागदावर लिहिलं, 'इथं कोलकाता दिसेल. तो तुमचा पत्ता नाही. साऱ्या भारताचं घड्याळ त्याच नावानं लागतं. बिनधास्त पुढं जा.' कागद बाईंपुढं सरकवला अन् नवे फुटाणे कोंबले.

बाईंनी ओळ दोनदा वाचली. "आस्सं व्हय! मंग आधी सांगायचं न्हाय का?" दाबलं बटण.

पुढं 'तुमचे नाव'. बाईंनी आण्णासाहेबांकडं बघितलं. "कुणाचं लिवू?"

"कागद काय म्हंतो?"

"सोताचं लिवा म्हंतो."

"मग लिवा की."

बाईंनी एकेक कळ हुडकून नाव घातलं. पासवर्ड मात्र पदर आडवा धरून. अर्ध्या तासानं संगणक बंद होऊन झटक्यात उघडला आणि पडद्याच्या मधोमध 'अयोध्या' झळकली. श्रावस्तीला इतका आनंद झाला की टाळ्याच पिटल्या तिनं.

"चालू झालं की खरंच! सरका, बघू द्या," म्हणत आण्णासाहेब खुर्चीत बसले. "पासवर्ड काय वो बाई?"

"त्यो कुणाला सांगायचा न्हाय, आसं कागदात लिवलंय," अयोध्याबाई म्हणाल्या. "उघडायचं आसंल तवा मला हाक मारत जावा. अन् श्रावस्ती, तू जा बिनघोर सोलापूरला. म्या दुसरा घेते आता."