कादंबरीतली बाई मरत नाही

मी लिहिलेल्या कादंबरीत एक म्हातारी बाई आहे आणि ती शेवटपर्यंत मरत नाही. यावरून गेलं वर्षभर जिथे जाईन तिथे माझं भांडण झालेलं आहे.

ती बाई म्हणजे माझी बायको. खरी बायको मागच्या वर्षी गेली. कादंबरीतली ठाकुर्लीहून निघून एका लांबच्या ग्रहावर राहायला गेलेली आहे आणि तिथे तिचं बरं चाललंय.

माझं शिक्षण सातवी. नोकरी वागळे इस्टेटच्या एका कंपनीत, क्रेनवर. वर केबिनमध्ये बसायचं, खालून हात हलला की लोखंड उचलायचं आणि सांगतील तिथे नेऊन ठेवायचं. दिवसभर वरून माणसांची नुसती डोकी दिसायची. अशा माणसाला परग्रहाचं सुचलं तर त्यात नवल काय. रद्दीवाल्याकडची पुस्तकं आणायचो आणि जेवणाच्या सुट्टीत वरच वाचायचो, कारण उतरून पुन्हा चढायचा कंटाळा. त्यातल्या बऱ्याच पुस्तकांची शेवटची पानं फाटलेली असायची. शेवट मीच करून टाकायचो.

लिहायला मात्र कधी बसलो नाही. ते झालं डायलिसिसमुळे.

हिच्या किडन्या गेल्या तेव्हापासून आठवड्यातून तीनदा सेंटरवर जायचं. एका हॉलमध्ये ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी मशीन, समोर टीव्ही. टीव्हीवर सासवा-सुनांचं एकमेकींच्या दुधात काहीतरी कालवणं चालू. एक दिवस ही म्हणाली, "हे बघून मरण्यापेक्षा तुम्ही काहीतरी सांगा ओ." तिचं माहेर ठाकुर्लीचं, म्हणून मी सुरुवात केली की ठाकुर्लीच्या एका बाईला न्यायला आकाशातून यान आलेलं आहे. तिने पहिला प्रश्न विचारला, तिथे पाणी किती वाजता येतं?

मी म्हटलं, अगं ग्रह आहे तो, तिथे दोन सूर्य आहेत. ती म्हणाली, इथे एक आहे तोच जास्त होतो, पाण्याचं सांगा. मग मी पाणी चोवीस तास करून टाकलं. त्यावर तिचा विश्वास बसेना. एखाद दिवस तरी जात असेल, म्हणाली, नाहीतर लोकांना खोटं वाटेल. मग महिन्यातून एकदा शटडाऊन ठेवला.

असा तो ग्रह तयार झाला. मी यान चालवायचो आणि ती खाली उतरून नियम करायची. तिथे बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जात नाही. लिफ्ट बंद पडत नाही. मयताच्या घरी जेवायला येऊन भाजीला नावं ठेवणारे पाहुणे तिथे पोचूच शकत नाहीत, यान त्यांना वाटेतच सोडतं. शेजारच्या खुर्चीवर डोंबिवलीच्या एक बाई असायच्या, शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. त्या डोळे मिटून पडायच्या. मला वाटायचं झोपल्यात. एकदा गोष्ट चालू असताना डोळे न उघडता म्हणाल्या, जरा मोठ्याने सांगा हो, मशीनच्या आवाजात अर्धं जातं.

मशीन थांबलं की गोष्ट थांबायची. ही खुर्चीतून उठता उठता विचारायची, "पुढे?" मी म्हणायचो, पुढचं पुढच्या वेळी.

एकदा सुई टोचून घेताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या बाईला मारू नका हां. इथे जे व्हायचं ते होऊ दे. तिथे नको." मी म्हटलं, नाही मारत.

मग ती गेली. त्याचं लिहीत नाही.

दुपारी घरात कोणी नसायचं तेव्हा मी जेवढं आठवलं तेवढं कागदावर उतरवलं, राहिलेलं जुळवलं. सुनेने टाईप केलं. तिने एका अक्षरालाही नावं ठेवली नाहीत. फक्त एवढंच विचारलं की आईंचा मसाल्याचा डबा यानात चालेल ना, वजन होतं त्याचं. मी म्हटलं, यान मोठं आहे.

मुलगा म्हणाला, बाबा, छापायचंच तर रीतसर छापा. डोंबिवलीत नवोदित विज्ञानकथा लेखकांचं शिबिर होतं, तिथे त्याने माझं नाव घातलं. सत्तरी उलटल्यावर माझ्या गळ्यात 'नवोदित' असा बिल्ला आला. सकाळपासून एकेकाने आपली कथा वाचली. सगळ्यांच्या कथेत शास्त्रज्ञ होते, सगळे अमेरिकेत, सगळे मूळचे पुण्याचे, आणि पृथ्वी बुडायला आली तरी पळायचं सोडून एकमेकांना समीकरणं समजावत होते. त्याला टाळ्या पडल्या. माझ्या कथेवर मार्गदर्शक सरांनी चष्मा काढला. म्हणाले, मुळात ही बाई तिथे श्वास कसा घेते, याला शास्त्रीय आधार काय?

मी म्हटलं, डोंबिवलीत लोक घेतात तसाच. इथे नाल्याचं पाणी आज हिरवं, उद्या गुलाबी. तिथे उभं राहून माणसं वडापाव खातात. त्याचा आधार कोणी मागितलाय?

पाठीमागचे हसले, सर हसले नाहीत. म्हणाले, विज्ञान नाही, पण निदान शेवटी ती बाई गेली तर मानवी मर्यादा वगैरे विषय तरी येईल. दुपारचं जेवण चांगलं होतं. सर्टिफिकेट सगळ्यांना मिळालं, मलाही.

पुढे टेंभी नाक्याजवळच्या एका प्रकाशकाने बोलावलं. ऑफिस जिन्यावर, संपादक एक मुलगी, माझ्या नातीच्या वयाची. तिने चहा दिला, बसा काका म्हणाली, खूप आवडलं म्हणाली, आणि मग आवडलेल्यातलं काय काय काढायचं ते सांगायला लागली. विज्ञान आता चालत नाही, फॅन्टसी चालते. तेव्हा ग्रहाऐवजी पाताळ करू. दोन सूर्यांना शाप देऊ. बाई म्हातारी नको, बावीस वर्षांची हवी, मसाल्याच्या डब्याऐवजी तलवार. आणि एक पुस्तक नको, तीन भाग. मी म्हटलं, बावीस वर्षांची होती तेव्हा माझं लग्न तिच्याशी झालेलं, तेव्हाही तिला तलवार लागली नाही.

ती हसली. पोरगी वाईट नव्हती. तिने विचारलं, तुमचे फॉलोअर्स किती? मी म्हटलं, सोसायटीचा एक ग्रुप होता, त्यातून मला काढलंय. मग ती जरा पुढे सरकली आणि म्हणाली, "बाकी सगळं बघू काका. पण शेवटच्या पानावर ती गेली पाहिजे. वाचकाला रडायला जागा लागते."

मी म्हटलं, "वाचकाने आपापल्या घरचं रडावं."

घरी मुलगा चिडला. एवढा मोठा प्रकाशक पुन्हा भेटणार नाही, एक पान बदललं तर काय बिघडतं, आईला चाललं असतं. मी म्हटलं, तिला विचारून सांग. तो ताटावरून उठून गेला. मलाही नंतर जेवण गेलं नाही.

शेवटी मी स्वतःच छापायचं ठरवलं. वर्तकनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक प्रेसवाला आहे. लग्नपत्रिका छापतो, निवडणुकीत पत्रकं छापतो. त्याने कादंबरीच्या कव्हरवरही सवयीने सोनेरी वेलबुट्टी टाकलेली, ती काढायला लावली. प्रकाशन करायचं ते हिच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला, विहारात. आमच्यात वर्ष झालं की भंतेजी येतात, त्रिसरण-पंचशील होतं, गेलेल्या माणसाविषयी चार जण बोलतात, जेवण होतं, आणि त्याच्या आठवणीने विहाराला काहीतरी द्यायचं असतं. कोणी पंखा देतं, कोणी खुर्च्या. मी पुस्तकं देणार होतो.

विहाराचे सचिव बँकेतून रिटायर झालेले, सरळ माणूस. आधी वाचायला द्या म्हणाले. इतक्या लोकांना मी ते पुस्तक दाखवलं, त्यात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारा हा एकटा. वाचून घरी आले, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि म्हणाले की काका, हे विहारात वाटता येणार नाही. आपल्यात आत्मा मानत नाहीत. मेलेलं माणूस दुसऱ्या ग्रहावर जाऊन राहतं, मसाला कुटतं, हे लोकांनी वाचलं तर उद्या अंगात येणाऱ्या बायकासुद्धा हेच पुस्तक दाखवतील.

मी म्हटलं, मेलेलं माणूस कुठाय त्यात? ती चालत जाते. तिकीट काढून जाते.

ते म्हणाले, मग पुण्यानुमोदन कोणाचं आहे?

मुलगा दाराशी उभा होता. तो म्हणाला, बाबा, शेवटी एक ओळ घाला, गेली म्हणून. सगळ्यांचंच समाधान होईल. सचिवही मान हलवायला लागले. सगळ्यांचं समाधान म्हणजे शिबिरातल्या सरांचं, त्या पोरीचं, विहाराचं, आणि माझ्या मुलाचं, ज्याला हा वाद एकदाचा मिटायला हवा होता. मी भिंतीकडे बघितलं. कार्यक्रमाचा बॅनर गुंडाळून तिथे ठेवलेला होता. त्यावर हिचा फोटो, खाली जन्म आणि मृत्यूची तारीख.

मी म्हटलं, "बॅनरवर ती गेलेली आहे ना? चांगली मोठ्या अक्षरात गेलेली आहे. मग पुस्तकात पुन्हा कशाला मारू?"

सचिवांनी बॅनर थोडा उलगडून बघितला. तारीख बरोबर आहे का ते पाहिलं. बँकेची सवय. मग म्हणाले की गोष्ट ही गोष्ट आहे, खरं नाही, असं पहिल्या पानावर छापा, मग माझी हरकत नाही. मी छापलं. ती ओळ सगळ्यात खोटी आहे, पण कादंबरीच्या आत नाही, म्हणून चालवून घेतली.

कार्यक्रमाच्या दिवशी चार जण बोलले. एकजण म्हणाला, वहिनींनी आयुष्यात कधी कोणाला उलट उत्तर दिलं नाही. दुसरा म्हणाला, त्यांचा आवाज कधी घराबाहेर ऐकू आला नाही. सचिव म्हणाले, त्या म्हणजे मूर्तिमंत शांती. याच सचिवांना तिने खुर्च्यांच्या हिशेबावरून भर सभेत झाडलेलं. मी पुढच्या रांगेत बसून ऐकत होतो. दोन सूर्य आणि चोवीस तास पाणी लिहिताना मी किती दबकत होतो, आणि इथे माइकवर माणसं बेधडक फॅन्टसी करत होती. कोणी आधार मागत नव्हतं.

मग मला बोलायला सांगितलं. मला बोलता येत नाही, म्हणून शेवटचं पान वाचलं. त्यात ती यानातून उतरते, डबा खाली ठेवते, नळ सोडते. पाणी येतं. ती हात धुते आणि पाण्याचा आवाज ऐकत उभी राहते. तिथे पुस्तक संपतं. हे पान तिला सांगायचं राहून गेलेलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अशा कार्यक्रमात वाजवायच्या नसतात. मुलगा खाली बघत होता. मी पुस्तक मिटलं. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून आवाज आला. डोंबिवलीच्या त्या बाई, सेंटरवर शेजारच्या खुर्चीत असायच्या त्या. सुनेने बोलावलेलं म्हणून रिक्षा करून आलेल्या, हाताला पट्टी तशीच होती. डोळे मिटूनच बसलेल्या.

"पुढे?" त्या म्हणाल्या.

वर्षभरात हे मला कोणी विचारलं नव्हतं. सचिव पाणी घेऊन आले, ते प्यायलो.

"पुढे जेवण आहे," मी म्हटलं. "बसून घ्या. आणि भाजीला नावं ठेवू नका."