इंदूआक्काची झारी

इंदूआक्का गेली आणि तिच्या पाठोपाठ पहिली मेली ती मिरचीची रोपं.

हे मला कुणी सांगितलं न्हाय. मी इथं मस्कतमध्ये, एसीच्या डक्टच्या कामावर. काल ड्युटी सुटल्यावर आईला व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, बाग दाखव जरा.

आई दाखवायलाच तयार न्हाय.

"काय बघतोस रं? दिवस मावळाय लागलाय."

शेवटी दाखवली. मिरच्यांच्या नुसत्या काड्या. वांग्यांनी माना टाकलेल्या.

ज्यांना माहीत न्हाय त्यांच्यासाठी सांगतो.

बेळगावात आमच्या गल्लीच्या टोकाला एक रिकामा प्लॉट होता. अख्ख्या गल्लीचा कचरा तिथं. इंदूआक्का मूळची कंग्राळीची, शेतकऱ्याची लेक. लग्न होऊन गल्लीत आली, पण हात काय स्वस्थ बसंनात. तिचा नवरा, म्हणजे आमचे आप्पा, रिटायर झाल्यावर दोघांनी मिळून तो कचरा उपसला.

मग हळूहळू आम्ही सगळे ओढले गेलो. ओढले म्हणजे खरंच, हाताला धरून.

"बसून काय करतोस रं? कुदळ धर."

मी तेव्हा एक काम धरायचो, दोन सोडायचो. हुबळी झाली, गोवा झालं, पुणं झालं. परत आलो की आई बोलायची, शेजारी हसायचे. आक्का फक्त कुदळ हातात द्यायची.

का सोडलंस, हे तिनं कधी विचारलं न्हाय.

बागेत पाणी घालायला पाळ्या लावलेल्या. त्यासाठी आधी व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. ग्रुपवर रोज गुड मॉर्निंगची फुलं यायला लागली आणि बागेतली सुकायला लागली.

आक्कानं ग्रुप सोडला आणि बाजारातनं एक पत्र्याची झारी आणली.

नियम सोपा. संध्याकाळी झारी ज्याच्या दारात, उद्या सकाळचं पाणी त्याचं. विहिरीतनं काढायचं, बागेला घालायचं, संध्याकाळी झारी पुढच्या दारात नेऊन ठेवायची. दार वकिलांचं असो न्हायतर बसम्मा मावशीचं. झारीला मराठी-कन्नड कळत न्हवतं.

बोर्डावरनं मात्र भांडण झालतं. बागेचं नाव मराठीत लिहायचं का कन्नडमध्ये? सगळी गल्ली रस्त्यावर. नुसती बोंबाबोंब. शेवटी आक्का म्हणाली,

"भेंडीला वाचाय येतंय व्हय रं?"

बोर्ड अजून कोराच हाय. त्याच्यावर घेवडा चढलाय.

मी मस्कतला निघालो त्या दिवशी झारी नेमकी आमच्या दारात. खांद्यावर बॅग, रिक्षा उभी, आणि मी झारीकडं बघतोय.

"जा रं. तुझं पाणी मी घालीन," आक्का म्हणाली. "पर ह्या बारीला टिकून ऱ्हा."

टिकलोय, आक्का.

मागच्या आठवड्यात पहाटे तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचायच्या आत संपलं.

झारी तिच्याच दारात होती. त्या सकाळची पाळी तिचीच होती.

लोक आले. झारीशेजारी चपला काढल्या, आत गेले, रडले, चपला घालून घरी गेले.

झारी तिथंच.

"आई, मग पाणी कोण घालतंय?"

"झारी आक्काच्या दारात हाय की. सुतकाचं घर. कोण हात लावणार?"

गल्लीत बादल्या न्हाईत का? हायत. पण आमच्याकडं झारी आली न्हाय म्हणजे पाळी आली न्हाय. जो तो आपल्या दारात झारीची वाट बघत बसलेला.

मी म्हटलं, "आई, आप्पा गेले तवा आक्कानं काय केलतं, आठव."

आप्पा गेले आणि तिसऱ्याच दिवशी सकाळी आक्का झारी घेऊन बागेत. डोळे सुजलेले. तिची नणंद मागनं ओरडत आली, "अगं, सुतक हाय!"

आक्का वळली पण न्हाय.

"सुतक मला हाय. वांग्यास्नी न्हाय."

आई फोन तसाच हातात धरून चालायला लागली. मला नुसता रस्ता दिसत होता आणि तिच्या चपला.

आक्काच्या दारात तिचा लेक, महेशदादा. पुण्याहून आलेला. त्यानं झारी पुसून पाटावर ठेवलेली. झारीला झेंडूचा हार. पुढं उदबत्ती.

"मावशी, ऱ्हाऊ दे ती," दादा म्हणाला. "रोज तिच्या हातात असायची. मी पुण्याला नेणार हाय."

मला वाटलं, आई आता माघारी फिरणार.

"ने की," आई म्हणाली. "पर आधी चल, बाग बघ. तिचा हात तिथं पण लागलाय. आणि ती वाळाय लागलीय, बाबा."

दादा पाटासमोर खाली बसला.

मग त्यानं झारीचा हार काढला, आत जाऊन आक्काच्या फोटोला घातला. झारी उचलली आणि अनवाणीच निघाला.

विहिरीच्या रहाटाचा आवाज मी मस्कतमध्ये ऐकला. आमची रूमवर न्यायची बस हॉर्न देत होती. म्हटलं, देऊ दे.

मिरच्या गेल्या. त्या काय आता येत न्हाईत. वांगी धरतील, असं आई म्हणतीय.

आक्का, तुझ्या बाराव्याला मला रजा न्हाय. मागून बघितली, मिळाली न्हाय.

पण काल रात्रीच्या आत दादानं झारी आमच्या दारात आणून ठेवली. पुण्याला नेत न्हाय म्हणाला.

सकाळी आमचं पाणी आईनं घातलं.

आत्ता फोटो आलाय. झारी बसम्मा मावशीच्या पायरीवर.

तू निवांत जा, आक्का. पाळी पुढं गेलीय.