लाख पेशंट पेलणारी सिस्टीम

आता कसं सांगू, माझी मलाच लाज वाटते. पण चहा संपेस्तोवर ऐकून घ्या.

मी पुण्यात कॉम्प्युटरवाला. दीड वर्ष खपून एक सिस्टीम बांधली. उपकेंद्रातल्या सिस्टरनी पेशंटची माहिती भरायची, की कुठली गोळी द्यावी, कुठली देऊ नये, ते पडद्यावर येणार. अख्खा जिल्हा एकदम खोकला तरी बंद पडणार नाही, इतकी तयारी!

चाचणी किकवी फाट्यावरून आत, आमच्याच गावात; तिथल्या जुन्या नोंदी आधीच भरलेल्या. पसंत पडली तर भोर-वेल्ह्याच्या सगळ्या उपकेंद्रांत जाणार, नाहीतर दीड वर्ष पाण्यात. तालुक्याहून आलेले डॉक्टर समोर खुर्चीत. पहिला पेशंट माझेच वडील, आप्पा. रक्तदाबाची गोळी न्यायला आलेले.

सिस्टरनी माहिती भरली. पडदा लाल!

“काय म्हनतंय ओ?” आप्पांनी विचारलं.

सिस्टरनी वाचलं, “रुग्ण सहा महिन्यांची गरोदर आहे. ही गोळी देऊ नये.”

हशानं छप्पर उडायचं बाकी राहिलं! आप्पा मिशीवरनं हात फिरवत म्हणाले, “मला कुनी बोललं न्हाई त्ये!”

“नेटवर्कचा घोळ आहे,” मी ठोकून दिलं. नेटवर्क बिचारं त्या दिवशी फुल्ल होतं. “पुढचा पेशंट घ्या!”

पुढची कोण? माझी वहिनी. तिला खरंच सहावा महिना. पडदा हिरवागार: ‘रक्तदाबाची नेहमीची गोळी चालू ठेवा.’

आता कुणी हसलं नाही.

“दादा,” सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, “म्या हितलीच, म्हनून कळलं. नवी कुनी असती तर गोळी पोरीच्या हातावर ठिवली असती.”



“तुमची सिस्टीम माणूस ओळखते कशी?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाव दर वेळी वेगळं लिहितात, जन्माचं साल म्हाताऱ्यांना आठवत नाही. म्हणून मोबाईल नंबर, आणि जन्माचा दिवस-महिना.”

“तुमच्या घरचा नंबर?”

“सगळ्यांना माझाच लावलाय.”

“आणि जन्मतारीख?”

आप्पाच बोलले, “एक जून. सुनंची बी एक जून. शाळंत घालताना गुर्जी समद्यांची तीच लिवायचे की!”

अहो, माझीसुद्धा एक जून! ऑफिसात दर वर्षी खोट्या वाढदिवसाचा केक कापतो मी! म्हणजे नंबर एक, तारीख एक; वहिनीची नोंद आप्पांना लागली आणि आप्पांची वहिनीला! लाखो माणसं पेलायला निघालो, आणि माझ्याच घरातली तीन माणसं मला वेगळी ओळखता आली नाहीत. डॉक्टरांनी सिस्टीम बंद करायला लावली. सिस्टरनी जुनं रजिस्टर उघडलं. खरं सांगतो, मला रडू आलं.

संध्याकाळी आप्पा फाट्यावर सोडायला आले. एसटी खच्चून भरलेली. मी तोंड पाडून चढलो, तर खालनं आप्पांची हाक:

“ओ कंडक्टर, ह्याला बसाया जागा द्या! कॉम्पुटरच्या हिशेबानं ह्याला बी सहावा महिना हाय!”

एक आजी लगबगीनं उठल्या. आणि काय सांगू, मी मुकाट बसलोसुद्धा.